माती, चुना आणि सिमेंट

दिवाळीच्या सुटीत पुण्यातील मुले किल्ला बांधतात. पूर्वी वाड्यांच्या चौकांतून बांधीत, आता सोसायट्यांच्या आवारांतून बांधतात. पण रीत तीच आहे. दगड-विटा रचावयाच्या, त्यावर गोणपाट टाकावयाचे, वरून मातीचा लगदा थापावयाचा आणि पुढचे चार दिवस त्यावर पाणी शिंपडावयाचे. पाणी शिंपडावयाचे राहिले की ऐन पाडव्याला बुरुजाला तडा जातो, आणि मावळ्यांची पंगत खंदकात उतरते.

या खेळात बांधकामशास्त्राचा एक जुना प्रश्न दडलेला आहे. ओले असलेले घट्ट होते ते कशाने? माणसाने आजवर घरे बांधण्यासाठी जे तीन मुख्य पदार्थ कालवले, त्यांची या प्रश्नाला तीन निरनिराळी उत्तरे आहेत. माती पाणी गमावून घट्ट होते. चुना हवा घेऊन घट्ट होतो. सिमेंट मात्र पाणी पोटात ठेवून घट्ट होते. पहिली वाळते, दुसरा श्वास घेतो आणि तिसरे पिते, असे म्हटले तरी चालेल. पुणे शहराने गेल्या तीन शतकांत या तिघांच्याही आधाराने संसार केला. परंतु मातीची सवय अशी अंगवळणी पडली की आजही आपण सिमेंटला मातीच्याच नियमाने वागवतो. स्लॅब पडल्यावर दुसऱ्या दिवशी घरमालक विचारतो, "वाळला का हो?" प्रश्न साधा आहे, पण त्यातच सगळा घोटाळा आहे.

वाड्यांचे पुणे

शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी घातला गेला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी त्याची वास्तुशांत झाली. त्या पहिल्या बांधकामाला १६,११० रुपये खर्च आल्याची नोंद आहे. पुढे त्यात मजले चढले, दिवाणखाने सजले, कारंजी उडाली. १८२८ साली वाड्याला आग लागली आणि सागवानी खांब, तुळया, नक्षीची छते सारे जळून गेले. आज आपण दिल्ली दरवाजातून आत जातो तेव्हा दिसतात ते तट, बुरूज, जोती आणि कारंज्यांचे हौद. म्हणजे लाकूड गेले. दगड, वीट आणि त्यांना धरून ठेवणारा चुना राहिला.

हा चुना येई कोठून? दख्खनच्या काळ्या जमिनीत आणि ओढ्यांच्या काठी पांढुरके खडबडीत खडे सापडतात. ती चुनखडी. ती वेचून, कोळशाबरोबर थरावर थर रचून भट्टीत भाजण्याचा धंदा लोणारी समाजाचा. भट्टीच्या आचेने खड्यातील कर्बवायू निघून जातो आणि उरतो तो कळीचा चुना. त्यावर पाणी ओतले की तो रटरटा उकळतो, फुटतो, फुलतो आणि विझून मऊ होतो. विझवलेला चुना कामापूर्वी टाक्यात पाण्याखाली मुरत ठेवण्याची चाल होती, कारण न विझलेली एखादी कळी गिलाव्यात गेली तर महिन्याने फुलून भिंतीला फोड आणी.

मग घाणी. जमिनीत गोल दगडी चर, मध्ये खुंटा, खुंट्याला आडवा दांडा, दांड्यावर जड दगडी चाक आणि ते ओढणारा बैल. चरात चुना, वाळू आणि विटांची पूड म्हणजे सुरखी घालावयाची आणि चाक फिरवीत राहावयाचे. आपल्या अनेक किल्ल्यांवर असे घाणीचे वर्तुळ आणि कडेला पडलेले चाक अजून पाहावयास मिळते. पुष्कळ सहली त्यावर बसून डबे खातात आणि पुढे जातात; परंतु ज्या तटाचे फोटो काढावयास आपण गड चढलो, तो तट या चाकाखालून निघालेला असतो.

घाणीत आणखीही काही पडे, आणि ते ऐकून स्वयंपाकघरातील मंडळींना नवल वाटेल. गुळाचे पाणी, बेलफळाचा गर, हिरड्याचा काढा, भिजवून वाटलेले उडीद, तागाचे तुकडे. हा काही गवंड्यांचा नवस नव्हता. प्रत्येक जिन्नसाला आपले काम होते. गुळातील साखरेमुळे चुना पाण्यात अधिक विरघळतो आणि वाळूच्या कणाकणाला लपेटून बसतो. बेलाचा डिंक आणि उडदाचा चिकटपणा ओलावा धरून ठेवतात, त्यामुळे गिलावा एकाएकी सुकून तडकत नाही. तागाचे धागे बारीक भेगांना वाढू देत नाहीत. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे धागे मिसळलेले आढळले आहेत. म्हणजे ही युक्ती पेशवाईच्या कितीतरी आधीची.

गच्चीवर चुन्याचा कोबा घालीत. विटांचे तुकडे आणि चुना पसरून, वरून गूळ-बेलाचे पाणी शिंपडीत, लाकडी चोपण्यांनी तो दिवसचे दिवस चोपावयाचा. सिमेंटचे नाव कोणी ऐकले नव्हते तेव्हाचे हे आपले काँक्रीटच होते: खडा, बांधणारा लगदा, त्यातली औषधे, आणि वरून सतत दिलेले पाणी.

हवेचा चुना, पाण्याचा चुना

भट्टीत गेलेला कर्बवायू चुन्याला पुन्हा हवा असतो. भिंतीवर लागल्यावर तो हळूहळू हवेतून तो वायू घेतो आणि पुन्हा दगड होतो. म्हणजे खडक भाजून मऊ केला, हव्या त्या जागी लावला आणि हवेने त्याचा पुन्हा खडक केला. परंतु हे काम अतिशय सावकाश चालते, आणि त्याला ओल लागते. कोरड्या ठक्क चुन्यात वायू मुरत नाही. म्हणून ताज्या गिलाव्यावर पाणी शिंपडावयाचे, ओली गोणपाटे टाकावयाची. शिवाय हवा जेथवर पोचेल तेथवरच हा चुना पिकणार. चार हात जाड भिंतीच्या गाभ्यात तो शतक उलटले तरी मऊ राहू शकतो.

मग पाण्याखालच्या कामाचे काय? नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यावर, कात्रजच्या तलावातून शहरापर्यंत दगड-चुन्याचा भुयारी नळ आणला गेला. त्याला ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवले आणि त्याचे पाणी काळ्या हौदासारख्या हौदांतून पुणेकरांच्या घागरीत पडू लागले. ज्या बांधकामाच्या अंगाला सदाच पाणी, त्याला हवा कोठून मिळणार?

याचे उत्तर सुरखीत आहे. भाजलेल्या मातीची बारीक पूड चुन्याशी मिसळली की दोघांचा पाण्याच्या साक्षीने संयोग होतो, आणि तो लगदा हवेवाचूनही दगड होतो. रोमन लोकांनी हेच काम नेपल्सजवळच्या ज्वालामुखीच्या राखेकडून करून घेतले. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात बांधलेल्या रोममधील पँथिऑनचा सुमारे ४३ मीटर व्यासाचा घुमट पोटात एकही लोखंडी सळई नसताना आजही उभा आहे. इंग्लंडात जॉन स्मीटन यास १७५६ ते १७५९ या काळात समुद्रातील खडकावर एडिस्टनचे दीपगृह बांधताना आढळले की ज्या चुनखडीत मातीचा अंश असतो तिचाच चुना पाण्यात घट्ट होतो. आपल्याकडील काळ्या जमिनीतल्या खड्यांत हा मातीचा अंश निसर्गानेच घातलेला असतो. रोमची राख, स्मीटनची चुनखडी आणि आपल्या घाणीतील विटांची पूड ही एकाच कुळातली.

या चुन्याची पुण्यातील मोठी परीक्षा म्हणजे खडकवासल्याचे धरण. फाइफ नावाच्या लष्करी इंजिनिअरच्या योजनेने १८६९ मध्ये काम सुरू झाले आणि सुमारे दहा वर्षांनी भारतातील आरंभीच्या मोठ्या दगडी धरणांपैकी एक मुठेवर उभे राहिले. त्याच वर्षी, १८६९ मध्ये, बंडगार्डनजवळचा फिट्झजेराल्ड पूल खुला झाला. पुण्याच्या सायन्स कॉलेजातून १८८३ साली इंजिनिअर होऊन बाहेर पडलेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्यास आपली प्रसिद्ध स्वयंचलित दारे १९०३ मध्ये बसविली. पुढे म्हैसूर संस्थानात कावेरीवर १९११ मध्ये सुरू झालेले कृष्णराजसागर धरण त्यांनी बांधावयास घेतले तेही सुरखी-चुन्यातच.

पोर्टलंडची पिशवी

जोसेफ ॲस्पडिन या लीड्सच्या गवंड्याने १८२४ साली आपल्या कृत्रिम चुन्याचे पेटंट घेतले. घट्ट झाल्यावर तो पोर्टलंडच्या प्रसिद्ध इमारती दगडासारखा दिसतो म्हणून त्याने त्यास पोर्टलंड सिमेंट हे नाव दिले. चुनखडी आणि माती ठरल्या प्रमाणात एकत्र करून, ती वितळण्याच्या बेताला येईपर्यंत भाजावयाची आणि मग दळावयाची, हे आजच्या सिमेंटचे तत्त्व पुढे स्थिरावले. भारतात १९०४ मध्ये मद्रासला सिमेंट करण्याचा प्रयत्न झाला. नीट उत्पादन सुरू झाले ते १९१४ मध्ये पोरबंदरला. १९३६ साली अनेक कंपन्या एकत्र येऊन ए. सी. सी. स्थापन झाली. तरीही कितीतरी वर्षे सिमेंट दुर्मिळच होते. १९८२ मध्ये त्यावरील नियंत्रण अंशतः उठले, १९८९ मध्ये पूर्ण उठले. तोवर घर बांधणाऱ्यास पिशव्यांसाठी परवान्याच्या रांगेत उभे राहावे लागे.

नव्या पाहुण्याचा स्वभाव जुन्या मंडळींहून अगदी निराळा होता. याचे सर्वांत गमतीचे उदाहरण गुळाचेच. जो गूळ चुन्याला बळ देतो, तोच सिमेंटला झोपवतो. सिमेंटच्या वजनाच्या हजारात एक भागाहूनही कमी साखर पडली तरी ते घट्ट व्हावयास कितीतरी तास उशीर होतो; आणखी थोडी पडली तर काँक्रीटचे सारे तंत्रच बिघडते. आजोबांचे औषध नातवाला चालत नाही, ते असे.

१२ जुलै १९६१

पुण्याच्या भिंतींच्या इतिहासात या तारखेला एक युग संपले. पानशेतचे मातीचे धरण अजून बांधून पुरे व्हावयाचे होते, पाणी बाहेर सोडण्याच्या मार्गाचे काम अपुरे होते, आणि पावसाळ्याने जलाशय भरभर भरत आणला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. १२ जुलैच्या सकाळी धरण फुटले. ते पाणी खाली खडकवासल्यावर आले. ऐंशी वर्षांपूर्वीच्या त्या दगड-चुन्याच्या भिंतीने, माथ्यावरून पाणी वाहत असताना, काही तास तग धरला आणि मग तीही फुटली. असा भार येईल असा हिशेब तिच्या बांधणाऱ्यांनी कधी केलाच नव्हता.

नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले आणि वाडे बसू लागले. वाड्याचा सांगाडा लाकडाचा, जोते दगडाचे. परंतु पुष्कळशा भिंतींच्या पोटात मातीच. मातीचा पाण्याशी एवढाच करार असतो की तू निघून जा, म्हणजे मी उभी राहते. त्या दिवशी पाणी परत आले. वरचा चुन्याचा गिलावा तेवढा पातळ कवचासारखा राहिला आणि आतली भिंत चिखल होऊन वाहून गेली. शेकडो कुटुंबांनी पिढ्यांचे घर एका दिवसात बसताना पाहिले. बंडगार्डनचा चुन्यातला पूल मात्र त्या पुरातून उभाच राहिला.

पुरानंतर पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगर यांसारख्या वसाहती झाल्या; काहींनी अर्ध्या पिंपासारख्या निसेन हटमध्ये वर्षे काढली. आणि पुढे ज्याला बांधावयाचे त्याने सिमेंटचेच बांधावे, मातीचे नाव काढू नये, असे शहराच्या मनाने घेतले. यात चूक काहीच नव्हती. परंतु माती सुटली तरी मातीची समजूत सुटली नाही.

वाळणे नव्हे, मुरणे

सिमेंटच्या कणाला पाणी लागले की त्याच्या अंगातून अतिसूक्ष्म तंतू आणि पापुद्रे फुटतात, शेजारच्या कणाच्या तंतूंत गुंततात आणि मधली पोकळी भरून काढतात. ही क्रिया पहिल्या दिवशी वेगाने, मग हळूहळू, महिनोन् महिने चालते. अट एकच, ओल हवी. ओल गेली की ती जेथल्या तेथे थांबते. सात दिवसांत काँक्रीट अठ्ठावीस दिवसांच्या बळाच्या साधारण दोन तृतीयांशापर्यंत येते. ओतल्यापासून कोरड्या हवेत उघडे टाकलेल्या काँक्रीटला मात्र, सतत ओल मिळालेल्या काँक्रीटच्या मानाने, पुष्कळदा निम्मेच बळ येते. सिमेंट तेच, वाळू तीच, सळई तीच, मजुरीही तीच; फरक केवळ पाण्याच्या नळीचा.

येथे एक विरोधाभास आहे. बाहेरून पाणी हवे म्हणून आत अधिक पाणी ओतून चालत नाही. अमेरिकन संशोधक डफ अब्राम्स याने १९१८ मध्ये दाखवून दिले की मिश्रणात सिमेंटच्या मानाने पाणी जितके अधिक, तितके बळ कमी. जास्तीचे पाणी उडून जाते आणि मागे बारीक पोकळ्या ठेवते. पन्नास किलोच्या पिशवीला पंचवीस लिटर पाणी ठरले असता, लगदा सहज पसरावा म्हणून बिगाऱ्याने आणखी अर्धी बादली ओतली, तर इमारतीचे बळ त्याने तेथेच सांडले. कालवताना हात आखडावा आणि घट्ट झाल्यावर सैल सोडावा. आपण बहुधा उलटे करतो.

या अडचणीवरच नवी औषधे निघाली. कागदाच्या लगद्याच्या कारखान्यांत उरणाऱ्या द्रवापासून केलेल्या मिश्रकांनी कमी पाण्यातही काँक्रीट ओघळते राहते. १९६० नंतर जपान आणि जर्मनीत त्यांहून प्रभावी द्रव्ये निघाली. गाडीतून दूरवर जाणारे तयार काँक्रीट वाटेत घट्ट होऊ नये म्हणून त्याला थोडी झोप देणारी द्रव्ये घालतात, आणि त्यांत काही शर्करेच्या जातीची असतात. मद्रास असो की पुणे, गूळ शेवटी मागल्या दाराने परत आला, पण थेंबाच्या मापाने. उलट, घाई करणारे एक औषध महाग पडले. कॅल्शियम क्लोराइडने काँक्रीट लवकर घट्ट होते, म्हणून ते पूर्वी सर्रास वापरीत. पुढे कळले की त्यातील क्लोराइड आतल्या सळईला गंजवते, आणि सळईच्या काँक्रीटमधून त्याची हकालपट्टी झाली.

सळईचा प्रश्न मोलाचा आहे, कारण आपल्या इमारती बहुधा मोडतात त्या चिरडून नव्हे, तर गंजून. काँक्रीटच्या आतला क्षार सळईचे रक्षण करतो. हवेतील कर्बवायू आत शिरून त्या क्षाराला मारतो, मग सळई गंजते, गंजून फुगते आणि वरचा थर उडवते. ज्या वायूने चुन्याचा दगड केला, तोच येथे वैरी होतो. त्याला अडविणारा पहारेकरी म्हणजे सळईवरचा बोटा-दोन बोटांचा थर. उन्हा-वाऱ्याने सर्वांत आधी सुकतो तो हाच थर. म्हणजे पाणी न मारल्याने नुकसान होते ते नेमके जेथे पहारा हवा तेथे. छताच्या खालून सळया दिसू लागतात त्या वीस-पंचवीस वर्षांनी. पाणी मारावयाचे राहिले होते ते पहिल्या आठवड्यात.

सुरखीचेही पुनरागमन झाले आहे, नावे बदलून. वीजकेंद्रांत दगडी कोळसा जळून उरणारी बारीक राख सिमेंटमध्ये मिसळतात. ती सुरखीचेच काम करते. महाराष्ट्रातील घाटघर येथे या शतकाच्या पहिल्या दशकात, रुळाने दाबलेल्या काँक्रीटचे भारतातील पहिले धरण झाले. त्यात सिमेंटपेक्षा राखेचा वाटा अधिक होता. आज दुकानात मिळणाऱ्या पुष्कळ पिशव्यांतही अशी राख असते. असे काँक्रीट दीर्घकाळात अधिक दाट आणि टिकाऊ होते, परंतु सुरखीसारखेच सावकाश मुरते. म्हणून साध्या सिमेंटला किमान सात दिवस ओल द्यावी, कोरड्या-उष्ण हवेत किंवा राखेच्या सिमेंटला किमान दहा, आणि राखेच्या सिमेंटला शक्य तर चौदा, असे भारतीय मानक सांगते. पिशवी बदलली; गवंड्याची सवय मात्र जुन्या सात दिवसांचीच राहिली, आणि पाण्याची टंचाई असली तर तीही तिसऱ्या दिवशी आटोपते.

जुने वाडे दुरुस्त करणारे जाणकार आता पुन्हा घाणीकडे वळले आहेत. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला तर आतली ओल बाहेर पडू शकत नाही. ती क्षार घेऊन आतल्या आत साचते आणि जुनी वीट पोखरते, हे अनुभवाने कळले. म्हणून पुन्हा चुना विझतो, मुरतो, त्यात गूळ आणि बेल पडतात. ही जुन्याची हौस नव्हे. ज्या पदार्थाचा जो स्वभाव, तो ओळखून त्याच्याशी वागणे, एवढेच त्यात आहे.

हाच न्याय आपल्या नव्या घरालाही लावावा. यंदा कोणाचे बांधकाम चालू असेल, तर दिवाळीच्या सुटीत मजूर गावी गेल्यावर स्लॅबवरच्या वाफ्यांत पाणी कोण भरणार, खांबांभोवतीची गोणपाटे कोण भिजवणार, हे आधी ठरवून ठेवावे. घराच्या सगळ्या खर्चात याइतके स्वस्त काम दुसरे नाही, आणि मागाहून कितीही पैसे मोजले तरी ते करता येत नाही.